टाचांच्या भेगा

१० नोव्हेंबर
पोचले एकदाची! आखातातल्या खोर फक्कानच्या मागे, डोंगरांच्या बेचक्यात, कुणा हौशी मालकाने दक्षिण फ्रान्समधलं अख्खं गाव उभं केलंय. दगडी घरं, निळ्या खिडक्या, चौकात कारंजं, चर्चची घंटा. लव्हेंडर प्लास्टिकचं, पण वास खरा; यंत्रातून सोडतात. माणसं मात्र मातीची. प्रत्येक खिडकीत माणसाएवढा पुतळा: पाववाला, शिंपीण, लोकर विणणारी म्हातारी. त्यांना पुसायचं, कपडे बदलायचे, भेगा पडल्या की पांढरा लेप भरायचा, हे माझं काम. सुपरवायझर विघ्नेश डोंबिवलीचा निघाला. मला ताई म्हणतो. मोबाईल गेटवर जमा केला, कारण जुन्या फ्रेंच गावात मोबाईल दिसता कामा नये म्हणे! रविवारी मिळेल. संजयची नोकरी गेल्यापासून घर, व्हिसा, अस्मीची शाळा, सगळं माझ्यावर आहे. पण २ डिसेंबरला, नॅशनल डेच्या सुट्टीत दोघांना इथे फुकट प्रवेश मिळणार. आमच्या चिमुरडीला हे गाव दाखवायची तिच्यापेक्षा मलाच जास्त घाई झालीय.

१४ नोव्हेंबर
हवा इतकी कोरडी, की पुतळ्यांआधी मीच तडकायची. टाचांच्या भेगांतून रक्त आलं. डबीत थोडा लेप उरला होता. टाकवेना. आपल्याला कुठे काही वाया घालवता येतं! चोळला टाचांना. सकाळी बघते तर टाचा लोण्यासारख्या. लग्नातसुद्धा एवढ्या मऊ नव्हत्या. विघ्नेशला सांगितलं तर तो खूप हसला. म्हणाला, सगळ्याच लावतात ताई, कुणाला सांगावं लागत नाही. मग त्याने मला वेगळी डबीच आणून दिली. देवमाणूस आहे.

२० नोव्हेंबर
शिंपिणीचा झगा बदलताना खाली पडलेली टाचणी टाचेत घुसली. दुखलं नाही. उपटली तर रक्त नाही, पांढरी भुकटी सांडली.
नंतर शिंपिणीचे बूट काढून पाहिले. अंगठ्याशेजारच्या बोटांना खोल वळ आहेत, दोन्ही पायांना. तसेच वळ माझ्याही बोटांना आहेत, जोडव्यांचे. फ्रेंच शिंपिणीला जोडवी कशाला? मला भीती वाटतेय.

२३ नोव्हेंबर
आज रविवार. मोबाईल पुन्हा मागितला, गेल्या रविवारीही मिळाला नव्हता. विघ्नेश म्हणाला, इन्शाल्ला, उद्या. डबी कचऱ्यात फेकली, पण पांढरं गुडघ्यापर्यंत चढलंय. दगडाने पाय घासला, तर फरशी घासल्यासारखा आवाज आला.

२७ नोव्हेंबर
चालता येत नाही. विघ्नेशने शिंपिणीला उचलून पाववाल्याच्या दुकानात नेलं आणि तिच्या खुर्चीत मला बसवलं. तिचा झगा मला चढवला. अगदी मापाचा. मी जिवाच्या आकांताने ओरडले. त्याने शांतपणे माझ्या गळ्याला लेप लावला. म्हणाला, खलास ताई, आता त्रास नाही.

१ डिसेंबर
आवाज गेला. मान वळत नाही. उजव्या हाताची बोटं हलतात. वही मांडीवर, शिवणाखाली लपवलीय. उद्या येतील दोघं. अस्मी मला ओळखेल — माझी जोडवी फिरवत झोपणारी पोर — ओळखेलच —

२ डिसेंबर
आली! मीच घेतलेला पिवळा फ्रॉक —
विघ्नेशने संजयला सांगितलं की मी परवाच काम सोडून कुणाबरोबर तरी निघून गेले. संजय मटकन कारंज्याच्या कठड्यावर बसला. खोटं आहे रे — खोटं —
अस्मीने वर पाहिलं. माझ्याकडेच. म्हणाली, पापा लुक, शी लुक्स जस्ट लाइक मम्मा. संजयने मान वर केली नाही.
विघ्नेशने तिला माझ्या खिडकीखाली उभं करून फोटो काढला. स्माइल म्हणाला. ती हसली.
निघालेत — पान फाडून खाली टाकते — दोनच बोटं —

अस्मी बाळा, ती मीच आहे. खिडकीत. वर ब