अंगठ्यावरच्या रेघा

२ जून

लिही गं पोरी, आणि मी सांगते तेच लिही, तुझी अक्कल मध्ये घालू नकोस. आज मी आणि माझी नात नव्या जागी आलो. खाली शरीरशास्त्राची प्रयोगशाळा, वर आमची खोली. खिडकी एवढी मोठी, की एकाहत्तराव्या वर्षी पहिल्यांदा अंथरुणात आयतं ऊन मिळालं. मी काचपट्ट्या धुवायच्या, त्या बदल्यात खोली. नातीचं नर्सिंग कॉलेज दोन गल्ल्यांवर.

प्रयोगशाळेच्या साहेबांचं बोलणं लोण्यासारखं. चार पानी कागद पुढे ठेवून म्हणाले, वाचून दाखवू का? मला कसली लाज आली कोण जाणे! कागद डोळ्यांपुढे धरला, ओठ हलवले, मान डोलावली आणि अंगठा उठवून मोकळी झाले. नातीला हे आत्ताच कळतंय. डोळे वटारू नकोस, लिही.

या वहीतही रोज खाली माझा अंगठा. मधली आडवी चीर लहानपणी सुरी लागल्याची. अक्षर येत नसलं तरी अंगठे मला वाचता येतात.

५ जून

काम नाजूक आहे. साहेब मांसाचा कण मेणात बसवतात, यंत्रावर कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढतात, काचेवर चिकटवून गुलाबी-जांभळा रंगवतात. कपाटाला चार खण. नात म्हणते, एकसारख्या पेशी मिळून एका कामाला लागल्या की झाली ऊती, आणि माणूस म्हणजे चार तऱ्हांच्या ऊतींचा कारभार. एक झाकते, कातडीसारखी. दुसरी बांधून ठेवते, हाडं नि सांधे. तिसरी हलवते, ते स्नायू. चौथी निरोप नेते, त्या नसा. एकेकीला एक खण. मी म्हटलं, म्हणजे आपलंच घर की! तुझी आई सगळ्यांचं झाकायची, मी बांधून ठेवायची, निरोपाला शेजारीण होती, फक्त हलवायच्या खात्यात तुझे आजोबा, ते काही जागचे हलले नाहीत. मेली हसून लोळली.

आज गमतीनं तिनंही माझ्या शेजारी अंगठा उठवला. भोवऱ्यासारख्या गोल रेघा, थेट तिच्या आईच्या.

८ जून

आज अंगठा उठला तो नुसता डाग. पुसून पुन्हा उठवला, पुन्हा डाग. नात म्हणते, धुण्याच्या औषधानं कातडी झिजली असेल. साठ वर्षं न झिजलेली चीर सहा दिवसांत झिजते होय? काय पण नर्स होणार!

९ जून

पहिल्या खणात नवी पट्टी. साहेब जेवायला गेल्यावर नातीकडून चिठ्ठी वाचवून घेतली. त्वचा, स्त्री, वय एकाहत्तर. नुसती उजेडात धरली तरी दिसलं. रेघा, आणि मधोमध आडवी चीर.

सुरी लागली नाही, रक्त आलं नाही, दुखलं नाही. अरे, चोरानंसुद्धा निदान कुलूप फोडावं!

११ जून

दुसऱ्या खणातही मी. सकाळी बादली उचलली तर करंगळी रिकाम्या हातमोज्यासारखी लोंबली. चूळ भरताना दोन दात बाहेर. गुडघा पुढेही वळतो.

नातीनं साहेबांच्या मेजावरून कागद आणला. तिसऱ्या पानावर आहे. अंगठा देणारीच्या चारही ऊती, एकेक करून, शिकवण्यासाठी. वाचता वाचता तिचा आवाज बसला. माझा चढला.

खाली जाऊन तोंडावर विचारलं, जित्या माणसाला खणात भरता, लाज वाटत नाही? हसले. म्हणाले, रद्द करायचं तर तोच अंगठा द्या, तशाच रेघांचा. नाहीतर तुमच्या जागी घरातलं कुणी सही करू दे, तुमचं तिथेच थांबवतो. आणि नातीकडे बघितलं.

बादली त्यांच्या मेजावर उपडी केली. औषधासकट.

पोरी, हे ठळक लिही. त्या माणसाच्या कागदाला पेन लावलंस तर तंगडं मोडीन. तुझं. माझं मोडल्यातच जमा आहे.

१३ जून

तिसरा खण भरला. हात उचलत नाही. ओठ — जड झालेत. पाणी नात पाजते. उद्या निघायचं. तिनं सामान बांधलंय, गाडीही ठरवून येते म्हणाली. एवढा वेळ लागतो — गाडी ठरवायला?

वाचून घेतलं असतं तर — एका लाजेपायी —

१४ जून

चौथा खण रिकामा. नात बघून आली. म्हणते, थांबलं आजी, आता नाही होणार काही. कसं थांबलं? साहेबांना दया आली म्हणे.

दया. त्याला.

वर बघ. माझ्याकडे. का बघत नाहीस —

बरं. माझा हात — उचलत नाही. आज तूच उठव, तुझा. शाई लाव. नखरे नकोत, लाव म्हणते ना.

दाखव.

भोवरा कुठाय? नीट दाब. पुन्हा —

पुन्हा —

नुसता डाग. गाढवे, तू त्याच्या कागदावर —