गुडघाभर पाणी

पांढरवाडी, ता. शेवगाव
९ फेब्रुवारी २०२५

चि. निकितास आत्याचे अनेक आशीर्वाद.

दादा, वहिनी बरे असतील. इकडे सगळं ठीक. कॉलेजच्या प्रकल्पासाठी तू आमच्या तळ्याची माहिती मागितलीस, ती लिहिते. फोनवरच सांगितली असती, पण आमच्या घरी माझा फोन स्पीकरवर ठेवायची पद्धत आहे.

तर तळं. इथं हातभर खणलं की चुनखडी लागते. जुन्या लोकांनी ती काढून भट्टीत भाजली, चुना केला, त्या चुन्यात आसपासच्या विहिरी आणि देवळं बांधली. खणलेल्या जागी पाणी साचलं, तेच हे तळं. परातीसारखं पसरट, कुठंही गुडघ्याच्या वर पाणी नाही. या पाण्यात तुरीची डाळ शिजता शिजत नाही आणि हंड्याला पांढरा थर धरतो. हेही लिही, तुझ्या सरांना आवडेल.

यात बुडून कुणी मेलेलं नाही. पण तळाशी पांढरा गाळ आहे, त्यात पाय रुतला की निघत नाही. मागच्या आठवड्यात रंगनाथ भाऊजींची म्हैस रुतली. पाणी तिच्या पोटालाही लागलं नव्हतं. दिवसभर माणसं दोर लावून ओढत होती आणि ती नुसती बघत होती. संध्याकाळी तिनं मान टाकली. मला रडू आवरेना. सासूबाई म्हणाल्या, "म्हैस त्यांची, तू कशापायी रडती?"

मला इथं कुणी मारत नाही, उपाशी ठेवत नाही. फक्त जाऊ देत नाहीत. तुझे आजोबा, आपले अण्णा, गेले तेव्हा कांदा काढणीला आला होता, म्हणून मी पोचले ती थेट दहाव्याला.

परवा यांना म्हटलं, भाऊबीजही चुकली, आता तरी माहेरी कोल्हारला जाऊन येते. हे हसले. "तुला कशाला जायचं? आता कोल्हारच हितं येनार हाय."

खोदून विचारलं तेव्हा मला कळलं. यांनी करणसाठी तुला मागणी घातली आहे, आणि ती माझी इच्छा म्हणून दादाला सांगितलंय. मामाची मुलगी म्हणजे हक्काची सून, मला विचारायचं कारणच नव्हतं. आणि बहिणीचं मन मोडणं दादाला कधी जमलं नाही.

निकिता, ती माझी इच्छा नाही. करण माझा मुलगा आहे, माझा जीव आहे त्याच्यावर. पण हल्ली माझा मोबाईल तोच खिशात घालून हिंडतो, आणि मागितला की बापासारखाच हसतो. खोटं कशाला बोलू, तू आलीस तर मला सोबत होईल असं मनात आलं होतं. दोन दिवस मी खुशीत होते. त्याचीच लाज वाटली आणि लिहायला बसले.

शेजारच्या भागूबाई देवीच्या दर्शनाला कोल्हारला निघाल्यात. "दे हिकडं, पोलक्यात ठिवते. म्हातारीला कोन इचारतंय," म्हणाल्या. हे पत्र दादाला दाखव, माझं अक्षर तो ओळखेल. त्यानं नकार दिला की माझं माहेर तुटणार, हे मला माहीत आहे. तुटू दे. माझा त्याचा विचार करून झाला आहे.

माझ्या दारात सून म्हणून पाऊल टाकू नकोस, पोरी.

तुझी, भेट झाली न झाली तरी आत्याच,
सविता