बाबांच्या खोलीतलं वायफाय

मंगळवार, ४ फेब्रुवारी

झालं! बाबांच्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स ही फुकटातली सिस्टीम बसली! जो डबा चालू होईपर्यंत माणूस आंघोळ करून यायचा, तो आता टुणकन उठतो. मी एकटीनेच टाळ्या वाजवल्या.

आणि मग — वायफाय गायब. पासवर्ड चुकला वगैरे नाही. कोपऱ्यात चिन्हच नाही! लॅपटॉपला वाटतंय, वायफाय नावाची गोष्ट जगात नाहीच.

बाबा म्हणाले, "आधी हळू चालायचा. आता झटपट बंद आहे."

बुधवार, ५ फेब्रुवारी

कळलं. लॅपटॉपच्या पोटात वायफायचं एक छोटंसं कार्ड असतं. आपल्या कार्डाच्या कंपनीने लिनक्ससाठी ड्रायव्हर, म्हणजे दोघांमधला दुभाष्या, कधी बनवलाच नाही. म्हणजे कार्ड आहे, सिस्टीम आहे, दोघं एकाच घरात आहेत आणि बोलत नाहीत. आमच्याच घरातला लॅपटॉप, शोभतो!

बाबांनी प्रेसमधली नोकरी सोडली ती साहेबांशी भांडून, आईला न सांगता. आईला ते कळलं भाजी घेताना, प्रेसच्या शिपायाकडून. तेव्हापासून बाबा आतल्या खोलीत दार लावून लॅपटॉपवर छपाईसाठी पुस्तकांची पानं लावतात, आई हॉलमध्ये मशीनवर शाळांचे युनिफॉर्म शिवते, आणि मधे मी. "तुझ्या बाबांना सांग, जेवण वाढलंय." "तुझ्या आईला सांग, भूक नाही." खरा राउटर मीच आहे.

उद्या बाबांना पानं पाठवायचीच आहेत. तात्पुरता उपाय — हॉलमधल्या राउटरला वायर लावायची. वायर आखूड. पोचते फक्त शिलाई मशीनच्या शेजारच्या खुर्चीपर्यंत.

"हे किती दिवस?" बाबांनी विचारलं.

"दोन-तीन दिवस, बाबा. शप्पथ!"

शनिवार, ८ फेब्रुवारी

घरात भयंकर शांतता. फक्त मशीनची खडखड आणि कीबोर्डची टकटक. मधे मी, श्वास रोखून.

लिनक्सवाल्यांच्या फोरमवर 'म्हातारा पेंग्विन' नावाचे एक जण आहेत, ते सगळ्यांना मदत करतात. म्हणाले, बाहेरून लावायची वायफायची स्टिक घे. पण यूएसबीचं एक तोंड मोडलंय आणि दुसऱ्यात माऊस आहे. मग म्हणाले, आतलं कार्डच बदल. चालणाऱ्या कार्डांची नावं दिली. लगेच एक मागवलं!

तोवर लांब वायर आणू का, विचारलं. आई मशीनवरून मान वर न करता म्हणाली, "दारातून वायर नको. पडेल कुणीतरी."

मंगळवार, ११ फेब्रुवारी

कार्ड आलं. बसेना. मी नव्या लॅपटॉपच्या आकाराचं मागवलंय. लॅपटॉप न उघडताच!

बाबा म्हणाले, "उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग."

आणि आई हसली. चक्क हसली! म्हणाली, "उतावळेपणा कुणावर गेलाय ते विचार."

"कुणावर?" बाबा म्हणाले.

मला नाही. तिला! मी पाणी प्यायला उठले. तहान नव्हती.

रविवार, १६ फेब्रुवारी

दुसरं कार्ड बसलं. लॅपटॉप चालू केला. काळ्या स्क्रीनवर एकच वाक्य — हे कार्ड चालणार नाही, काढा. पुढे ढिम्म. या कंपनीच्या लॅपटॉपला म्हणे कंपनीने ठरवलेलीच कार्डं चालतात. पाहुणा दारात आणि दार विचारतंय, तू कुणाकडचा? कंपनीचं नाव लिहीत नाही, रागाने पान फाटेल.

म्हणजे आता असं कार्ड हवं जे लॅपटॉपलाही चालेल आणि लिनक्सलाही. दोन्ही बाजूंना पसंत पडणारं स्थळ!

बाबा पुटपुटले, "हात दाखवून अवलक्षण." मी आईला अर्थ विचारला. तिने उदाहरणादाखल बाबांची नोकरी सांगितली. विचारायला नको होता.

बुधवार, १९ फेब्रुवारी

आई बाबांना म्हणाली, "एवढी सुई ओवून द्या जरा." मी कानात इअरफोन घालून बसले होते. गाणं लावलंच नव्हतं.

शनिवार, २२ फेब्रुवारी

सापडलं!!! म्हाताऱ्या पेंग्विननी सांगितलं होतं, त्याच कंपनीचा दुसरा मेलेला लॅपटॉप शोध. कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याकडे मेलेल्यांचा ढीगच आहे. "घे शोधून, रडू नकोस," म्हणाला. नंबर जुळवत बसले. धुळीने शिंका. आणि मिळालं!

पेच बारीक, माझा स्क्रू ड्रायव्हर मोठा. आईने मशीनच्या खणातला छोटा काढून दिला. कार्ड बसलं. पण त्यावर दोन केसासारख्या वायरी दाबून बसवायच्या असतात, एक काळी, एक पांढरी. त्यांच्यामुळेच कार्डाला सिग्नल सापडतो. टोकं मोहरीएवढी. माझ्या चिमटीतून सारखी निसटायची.

"सरक," आई म्हणाली. "टिच बटणच आहे की हे." टिच. टिच. झालं.

चिन्ह आलं! नेटवर्क आलं! मी खुर्चीवर चढून नाचले!

बाबा म्हणाले, "चला, सुटलो." लॅपटॉप उचलला, आत गेले. दार लागलं.

आईने छोटा स्क्रू ड्रायव्हर परत खणात ठेवला. मग मशीन सुरू केली.

सोमवार, २४ फेब्रुवारी

स्पीड मस्त. एकदाही तुटलं नाही.

"तुझ्या बाबांना सांग, जेवण वाढलंय."

बुधवार, २६ फेब्रुवारी

म्हातारा पेंग्विन विचारतायत, काम झालं ना? मग तुझ्या प्रश्नावर 'सुटलं' अशी खूण कर, म्हणजे इतरांना उपयोग होईल. हात पुढे होत नाहीये.

हॉलमध्ये जिथे म्हणून जागा असेल तिथे आई कापड ठेवते. टीव्हीवर, फ्रीजवर, माझ्या पलंगावर. मशीनशेजारची बाबांची खुर्ची तेवढी रिकामी ठेवलीय.

मी काय दुरुस्त केलं?

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

वायफाय बंद! बाबा सकाळी कामाने बाहेर गेले होते, येऊन बघतात तर एकही नेटवर्क दिसेना. कोपऱ्यात चिन्ह आहे, म्हणजे कार्ड जिवंत आहे, पण त्याला काहीच ऐकू येत नाहीये.

बाबा लॅपटॉप घेऊन बाहेर आले. वायर कुठे आहे विचारलं. आईने न बघता खणातून काढून दिली. नीट गुंडाळी करून ठेवली होती.

दुपारी खिडकीच्या पडद्याच्या रंगावरून दोघांचं भांडण झालं. खणखणीत, समोरासमोर!

शनिवार, १ मार्च

बाबा दाढी करत होते तेवढ्यात लॅपटॉप उघडला. कार्ड जागेवर. दोन्ही वायरी निघालेल्या. टोकं कुठे घासू नयेत म्हणून त्यांना निळा दोरा गुंडाळलाय, युनिफॉर्मचा. वर बारीक गाठ.

मशीन थांबली होती.

झाकण लावलं. पेच घट्ट केले. "बाबा, हे कार्ड काही आता चालायचं नाही. वायरच लावा."

"बरं," बाबा आतून म्हणाले.

मशीन सुरू झाली.