भिंतीवरची पेटी

लकडगंज, नागपूर
२२ ऑगस्ट १९७४

ती. शोभाताईस,
सा. न. वि. वि. इकडे सगळे खुशाल. तुझ्या भाच्याचा ताप उतरला. एकच काम होते: उमरेडला तुझ्या शाळेत गणिताची जागा निघते का, जरा कानोसा घे. कारण विचारू नकोस. उगाच आपले, बदल म्हणून.

छे, तुझ्यापासून काय लपणार! पुढच्याच पत्रात खोदून खोदून विचारशील.

जूनपासून आमच्या प्रत्येक वर्गात भिंतीवर स्पीकरची पेटी बसली आहे. मुख्याध्यापक आता स्टाफरूमकडे फिरकतच नाहीत, आपल्या खोलीत बसून बोलतात. आपण काही सांगावे तर पेटीला कान नाहीत. गेल्या महिन्यात मी नववीला प्रमेय शिकवत होते. कोणती बाजू कोणत्या कोनासमोर, यावरून पोरी हमरीतुमरीवर आल्या. अगं, गणितावर भांडणाऱ्या पोरी! मला तर सणच वाटला. गलका सरांच्या खोलीपर्यंत गेला असावा. तेवढ्यात पेटी खेकसली, "चंद्रकलाबाई, वर्ग आवरत नसेल तर तसं सांगा." सगळ्या शाळेने ऐकले.

तेव्हापासून मी फळ्यावर लिहिते, पोरी उतरवून घेतात. कुणी हात वर केला की मीच आधी पेटीकडे बघते. चाचणीत निम्म्या नापास. आणि सोमवारी पेटीतून माझ्याच वर्गाचे कौतुक झाले: "शिस्त नववीकडून शिकावी." इतका संताप आला, घरी येऊन पोरावर काढला.

आज गोपिका, तीच भांडखोर, टेबलावर कागदाची पुडी ठेवून म्हणाली, "बाई, तुमचा घसा बसला काय जी? मायनं जेष्ठमध देल्लं. तुमी काहून बोलूनच नाही राहिल्या?"

मला हुंदका आवरेना. वर्गाला म्हटले, "वह्या मिटा. गोपिका, फळ्यापाशी ये, मांड तुझं भांडण." तास संपेपर्यंत नुसता कल्ला! पेटी मध्येच दोनदा ओरडली. मी शिकवत राहिले.

आता सरांनी उद्या खोलीत बोलावले आहे, तेही पेटीतूनच. भीतीने जेवणही गेले नाही. पण जाणार. नापासांचे पेपर समोर ठेवणार आणि म्हणणार, सर, आता तुम्ही ऐका. नोकरी गेली तर उमरेडची जागा लागेल. तोवर कुणाकडे शब्द काढू नकोस.

भाऊजींना नमस्कार.

तुझी, घसा ठणठणीत असलेली,
चंद्रकला