सातव्या रुग्णाचा तक्ता

१४ नोव्हेंबर, दुपारी साडेचार

चि. छोटी,

वरती आशीर्वाद लिहायची रीत आहे, तेव्हा तो लिहिला आहे असं समज.

आज सकाळची पाळी होती. वॉर्डात सव्वीस रुग्ण आणि आम्ही दोघी नर्स. अडीचला घरी आले. आईचा भाड्याचा पलंग न्यायला माणूस आला, त्याला तो खोलून दिला. खोली झाडली. मग हे लिहायला बसले.

तुझं पाकीट काल मिळालं. आई गेल्याला सहा आठवडे झाले, त्यात हे पहिलं. माझ्यासाठी चार ओळी, बाकी फॉर्म. ‘सेवा देणाऱ्या नातेवाइकाची सही’ या जागी पेन्सिलने खूण करून ठेवली आहेस, मी चुकू नये म्हणून. मी अठरा वर्षं फॉर्मच भरते आहे.

सोबतची तुझ्या प्रबंधाची पानंही वाचली. आई ‘रुग्ण क्रमांक ७’ आहे. ‘प्रशिक्षित परिचारिकेने दर दोन तासांनी कूस बदलूनही पाठीच्या खालच्या भागात जखम झाली.’ त्यावरून पुढे असं, की दोन तासांच्या नियमाचा घरच्या रुग्णांना फारसा उपयोग दिसत नाही. वाक्यं चांगली उतरली आहेत. एम.एस्सी.ला हे शिकवत असतील, मला कळायला मार्ग नाही. तू गेलीस त्या वर्षी आपल्या हॉस्पिटलात अभ्यासाची रजा एकीलाच मिळणार होती आणि यादीत माझं नाव तुझ्या वर होतं. आईला अर्धांगाचा झटका आला आणि मी अर्ज मागे घेतला. तू निदान एकदा नको म्हणशील असं वाटलं होतं. तू बॅग भरायला घेतलीस.

सुट्टीत आलीस ते आठवतं का? हातपाय धुतलेस आणि सरळ आईची पाठ उघडी केलीस. मला म्हणालीस, “ताई, उजेड धर जरा.” फूटपट्टी लावून जखमेचा फोटो काढलास. आई भिंतीकडे तोंड करून होती. ती मला म्हणाली, “मोजून झालं असेल तर झाकायला सांग हिला.” तू हसलीस. मीही हसले, त्याचा मला अजून राग येतो.

आता कूस बदलल्याच्या तक्त्याबद्दल.

सकाळी शेजारच्या काकू बसायच्या, तोवर ठीक होतं. मी त्यांना शिकवलं होतं आणि त्या घड्याळाला चिकटून असायच्या. अडीचनंतर आई माझ्याकडे. मी खुर्चीत टेकायचे आणि झोप लागायची. दोनदा-तीनदा नाही, बहुतेक दिवशी. सहाला जाग आली की चारची चौकट आणि सहाची चौकट एकदमच भरायचे. वॉर्डात पाळी संपताना आपण सगळ्या भरतो तशी. डावी, उताणी, उजवी.

आईने एकदाही हाक मारली नाही. तिला वळता येत नव्हतं, पण हाक मारता येत होती. एकदा जागी झाले तेव्हा ती माझ्याकडे बघत होती. म्हणाली, “घोरत होतीस.” एवढंच.

ती जखम माझी आहे. नियमाचा त्यात काही दोष नाही.

हे मी तुला आधी सांगायला हवं होतं, हे खरं. पण तुला ते माहीत होतं. ऑगस्टच्या बारा तारखेची ओळ बघ. चार वाजता डावी कूस, सहा वाजता उताणी, माझ्या अक्षरात. त्या दिवशी दुपारी तीनपासून साडेसहापर्यंत आई एक्स-रेच्या रांगेत चाकाच्या खुर्चीत बसून होती. खुर्ची तू ढकलत होतीस. आपण घरी आल्यावर मी सवयीने तक्ता भरला आणि तू तो त्याच आठवड्यात उतरवून घेतलास. तुला कोणत्याही वॉर्डात हे एका नजरेत दिसलं असतं. तू विचारलं नाहीस. विचारलं असतंस तर तुझा एक रुग्ण कमी झाला असता.

तुझ्या फॉर्मवर मी सही केलेली नाही. मूळ तक्ता सोबत आहे. जिथे मी कूस बदलली नाही त्या चौकटींवर लाल पेनाने काट मारली आहे, आठवतं तेवढ्यांवर. खाली तारीख आणि सही आहे. याच तक्त्याची झेरॉक्स आणि एक पानाचं पत्र तुझ्या गाईड मॅडमनाही पाठवते आहे. तुझी तोंडी परीक्षा गुरुवारी आहे, त्यांना बुधवारी मिळेल. तुला एक दिवस आधी मिळावं म्हणून तुझं आज टाकते, त्यांचं उद्या. तू स्वतः जाऊन सांगितलंस तर सातवा रुग्ण वगळून वर्ष वाचेल. नाही सांगितलंस तर काय होईल ते तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं. माझ्या नोकरीचं काय व्हायचं ते मी बघेन.

इकडे यायची घाई करू नकोस.

पोस्ट साडेपाचला बंद होतं. उद्याचा युनिफॉर्म भिजत घातला आहे. तो पिळून दोरीवर टाकते आणि निघते.

आईची सेवा तक्त्यावरच केलेली,
तुझी ताई