थांबवता येणारा खेळ

प्रिय काचवाल्या,

पाकीट फोडलंस, त्याबद्दल आधी आभार. माझं अक्षर ओळखून तू ते तसंच केराच्या टोपलीत टाकशील अशी धास्ती होती, म्हणून वरचा पत्ता मुद्दाम मावशीच्या हातून लिहून घेतला. तिच्यावर चिडू नकोस, मीच तिचं डोकं खाल्लं. सात वर्षं आपण एकमेकांशी एक शब्द बोललो नाही. तू घरी यावंस एवढंच मला हवंय, पण ते मागण्याआधी तुला एक गोष्ट सांगायची आहे. ती ऐकल्यावर तू येशील की नाही, हे मला खरंच ठाऊक नाही.

सोबत चष्मा आहे. काचा मीच घासल्यात. उणे साडेचार, आणि उजव्या डोळ्याला थोडा तिरका नंबर. बुबुळांमधलं अंतर तुझ्या जुन्या कार्डावरचं घेतलं, मोठ्या माणसाचं ते बदलत नाही. तुझा आत्ताचा नंबर मला कसा कळला असा प्रश्न तुला पडला असेल. जरा दम धर, तेही येतंय.

आपल्या चष्म्याच्या दुकानाच्या वरची खोली अजून तशीच आहे. काकाच्या ऑफिसातून निवृत्त होऊन आपल्याकडे आलेला तो पिवळट कॉम्प्युटरही आहे. सुरू होताना अजून तसाच धापा टाकतो. मी बारा वर्षांची होते आणि तू नऊ. खेळ एकच, त्यातला वीर एकच, आणि आपण दोघं. कोण खेळणार यावरून इतकी मारामारी झाली की शेवटी बाबांनी वर येऊन वाटणी करून दिली, बाणांची बटणं माझ्याकडे आणि माउस तुझ्याकडे. मी त्या वीराचे पाय झाले आणि तू त्याचे हात. मी चालवायचं, तू तलवार मारायची. वीराचं नाव काय ठेवायचं यावर पुन्हा दोन दिवस भांडण झालं, तेव्हा बाबा खालूनच ओरडले, की ठेवा काचवाला आणि गप्प बसा. त्या राज्यात जादूगार होते, बोलणारी झाडं होती, शापित राजकन्या होती आणि त्यांना सोडवायला निघाला होता काचवाला.

मी प्रत्येक गावात प्रत्येकाशी बोलायला थांबायचे आणि तुझा जीव जायचा. पुलापलीकडचा तो पाव भाजणारा भट्टीवाला आठवतो? कधीही जा, पीठ संपत आलंय एवढंच म्हणायचा. आपण त्याच्या गावावरचं संकट टाळलं, त्याच्या मुलीला गुहेतून सोडवून आणलं, तरी याचं आपलं पीठ संपत आलंय. तुला त्याचा भयंकर राग यायचा. या खेळात कुणी जिवंतच नाही, असं तू म्हणायचास. एवढा मोठा राक्षस मारला तर टाळ्या वाजवायला कोण, तर ताई, आणि ती तर घरचीच.

मला मात्र तो खेळ आवडायचा तो वेगळ्याच कारणासाठी. तो थांबायचा. बाबांना खाली मदत लागली की ते स्क्रू-ड्रायव्हरने पितळी तबकावर दोन ठोके द्यायचे. नाव कुणाचंच घ्यायचे नाहीत. दोन ठोके म्हणजे कुणीतरी या. आपण एक बटण दाबायचो, आणि राक्षस आ वासून, काचवाला तलवार उगारून जागच्या जागी उभे राहायचे. खाली जाऊन आपण बॅटरीच्या उजेडात फरशीवर पडलेला मोहरीएवढा स्क्रू शोधायचो, गिऱ्हाइकाला आरसा धरायचो, आणि वर येऊन बघावं तर राक्षस बिचारा तसाच ताटकळत असायचा. शेवटच्या दरवाज्याशी पोहोचलो आणि तुझी परीक्षा आली. दरवाजा दोघांनी मिळूनच उघडायचा असं ठरलं होतं. मग मागच्या खोलीत तुझा नवा कॉम्प्युटर आला, इंटरनेट आलं, आणि तू त्या ऑनलाइन खेळाच्या दुसऱ्या राज्यात गेलास.

किती चिडवलं होतं मी तुला त्यावरून. ज्या खेळाला शेवट नाही तो खेळ कसला, ती तर नोकरी. तुझी हजेरी ठरलेली, टोळीचा प्रमुख उशीर झाला की झापायचा, आणि तू, ज्याला आईने दहा हाका मारल्याशिवाय अंथरूण सुटत नव्हतं, तो पाचच्या ठोक्याला खुर्चीत. हे सगळं तू उठू नयेस म्हणूनच रचलंय, असं मी म्हणायचे, आणि ते आजही माझं मत आहे. पण तू एकदा म्हणालास की तिथे चाळीस माणसं आहेत, आणि मी एक दिवस गेलो नाही तर काल कुठे होतास असं विचारतात. तेव्हा मी हसले होते. हसायला नको होतं.

आता तो दिवस. तुला वाटतं तुला तो पाठ आहे. दुपारी बाबांनी दोन ठोके दिले. तू मागच्या खोलीत होतास, टोळी कसल्याशा ड्रॅगनशी लढत होती, आणि तुझा खेळ थांबत नाही. आलो, दोनच मिनिटं, असं तू ओरडलास. मग अर्ध्या तासाने बाबा काउंटरमागे पडलेले सापडले. अर्धांगाचा झटका आहे, थोडं आधी आणलं असतंत तर उजवा हात वाचला असता, असं डॉक्टर म्हणाले. दवाखान्याच्या जिन्यात सगळ्यांदेखत मी तुला म्हटलं, की बाबांचा हात तू खाल्लास. मी न्हाणीघरात केस धूत होते, मला काही ऐकू आलं नाही, असंही मी सगळ्यांना सांगितलं. आठवड्याच्या आत तू बॅग भरलीस.

मी केस धूत नव्हते. मी वरच्या खोलीत होते, त्या पिवळट कॉम्प्युटरसमोर. कित्येक वर्षांनी जुना खेळ उघडून भट्टीवाल्याशी गप्पा मारत बसले होते. दोन ठोके मला ऐकू आले. तुझं दोन मिनिटंसुद्धा ऐकू आलं. आणि मला राग आला, की दर वेळी मीच का उठायचं, आज त्याला जाऊ दे. मग आणखी एक ठोका आला, एकच, अगदी हलका. तरी मी हटून बसले. तुझा खेळ थांबवता येत नव्हता रे. माझा येत होता. एक बटण दाबायचं होतं.

हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. काल बाबांना सांगितलं. ते म्हणाले की हे मला सांगून काय उपयोग, ज्याला सांगायचं त्याला सांग. त्यांचं बरं चाललंय. काउंटरवर बसतात, मी काचा घासते आणि ते चुका काढतात. चुका काढायला डावा हातही पुरतो.

आणि आता तुझ्या नंबराबद्दल. दोन वर्षांपूर्वी मी तुझ्या त्या खेळातल्या खेळाडूंची यादी चाळत होते आणि त्यात एक काचवाला सापडला. असं नाव जगात दुसरं कोण घेणार? मीही नाव नोंदवलं. काठी टेकत चालणारी, टोळीच्या जखमा भरून काढणारी म्हातारी वैदीण झाले, कारण तिच्याकडे बघून तुला माझा संशय आला नसता. तू मला टोळीत घेतलंस. दोन वर्षं दर रविवारी तू मला आजी म्हणतोस, आजी तुम्ही मागे राहा, आजी तुम्ही पाणी प्यायलात का, असं विचारतोस. कधी घरच्या ताईला विचारलं होतंस का रे असं? डोकं दुखतंय, नवा चष्मा नीट बसलेला नाही, म्हणून तू नंबर सांगितलास तोही या आजीलाच. खोट्या नावाने तुझ्या जवळ बसले, याचीही माफी मागते. दुसरं दार मला सापडत नव्हतं.

गेल्या रविवारी ड्रॅगन यायची वाट बघत असताना तू आजीला सगळं सांगितलंस. तुझ्या उशिरापायी वडिलांचा हात गेला, बहीण तोंडावर बोलली ते खरंच होतं, आणि आता कुठल्या तोंडाने घरी जाऊ. मी उत्तर टाइप करत होते, खोडत होते. तेवढ्यात ड्रॅगन आला, आणि ऐन लढाईत खालून बाबांनी तबकावर डाव्या हाताने दोन ठोके दिले. मी उठले. हल्ली मी पहिल्या ठोक्यालाच उठते. त्यांची स्क्रूंची डबी खाली पडली होती, एवढंच. वर आले तर वैदीण नसल्याने चाळीसच्या चाळीस जण मरून पडले होते आणि सगळे मला शिव्या घालत होते. तुझी मात्र एकच ओळ होती. आजी, अचानक कुठे गेलात, घरी सगळं ठीक ना? त्या प्रश्नाचं उत्तर टाइप करून देता येईना, म्हणून हे पत्र. बाबांनी बोलावलं होतं, काचवाल्या. खाली गेले होते.

तुझीच,
काचवाल्याचे पाय, म्हणजे
ताई