विवेक ३.० आणि आमचा विकल्प

१४ जून १९९९, सोमवार
पुण्याहून मावसभावाची सीडी आली. ‘विवेक ३.०’. त्याच्याच कंपनीचं सॉफ्टवेअर. आपण मुद्दे आणि नियम भरायचे, ते विचार करून निर्णय देतं. जुनं २.० माझ्याकडे आहेच. त्यावर गेल्या वर्षी स्कूटर घ्यावी का, हे काढत होतो. उत्तर येईपर्यंत स्कूटर महागली, म्हणजे न घेण्याचा निर्णय योग्यच होता.

आता मोठा प्रश्न. १ मेपासून हिंगोली जिल्हा वेगळा झाला. प्रत्येक कर्मचाऱ्यानं १५ जुलैपर्यंत विकल्प लिहून द्यायचा: परभणी की हिंगोली. मी कळमनुरी पंचायत समितीत, म्हणजे हिंगोलीत. पत्नी विजया गंगाखेडला शिक्षिका, म्हणजे परभणीत. लेक रेवती तिच्याकडे. नऊ वर्षं दर शनिवारी वसमत आणि परभणीला गाड्या बदलत गंगाखेडला जातो आणि रविवारी परततो. विकल्प विजयानंही द्यायचाय, पण ती माझं बघून देईल. हा प्रश्न भावनेनं सोडवण्यासारखा नाही. आठ दिवसांत मॉडेल तयार.

१५ जून, मंगळवार
चपला बाहेर काढून ऑफिसच्या कॉम्प्युटर रूममध्ये बसलो. किल्ली माझ्याकडेच असते. ३.० म्हणजे कमाल आहे. २.० ला प्रत्येक प्रश्नाचं उत्तर द्यावंच लागे. आता ‘माहीत नाही’ हेही उत्तर चालतं. बाकीच्या माहितीवरून ते स्वतः अंदाज बांधतं. म्हणजे कुणाला विचारत बसायला नको. एकमेकांच्या विरोधात जाणारे नियम लाल होतात. शिवाय ‘का?’ नावाचं बटण. ते दाबलं की निर्णयामागची कारणं दिसतात.

शेजारच्या टेबलावरच्या देविदासनं परिपत्रक वाचता वाचताच फॉर्म भरून टाकला. हिंगोली. कशाच्या आधारावर, विचारलं. म्हणाला, आई तांड्यावर एकटी हाय, आनखी काय आधार पायजे? एकच मुद्दा! अशा लोकांमुळे शासनाची कामं बिघडतात.

१९ जून, शनिवार
बत्तीस मुद्दे झाले. पदोन्नती, पाणी, डास, मेसचं वरण. गंगाखेडला गेलो नाही. हे सगळं कुटुंबासाठीच चाललंय, तेव्हा कुटुंबानं एक शनिवार सोसायला हरकत नाही.

२६ जून, शनिवार
लाइट गेली. सेव्ह केलं नव्हतं. परत पहिल्यापासून. आजही गेलो नाही. यापुढे दर दहा मिनिटांनी सेव्ह.

१ जुलै, गुरुवार
‘पत्नीचं मत’ हा मुद्दा सत्तेचाळिसावा. विचारायला पोस्टकार्ड घेतलं, ‘चि. सौ. विजयास’ एवढं लिहिलंही. मग नवी सोय आठवली. ‘माहीत नाही’वर क्लिक केलं. पोस्टकार्ड पाठवायचं वाचलं.

२ जुलै, शुक्रवार, सायंकाळी ६
निकाल आला! हिंगोली ७३ टक्के. डोळे भरून आले. तेवढ्यात देविदासनं ‘का?’ दाबलं. कारण पहिलं: नव्या जिल्ह्याच्या ज्येष्ठता यादीत दुसरा नंबर. कारण दुसरं: कॉम्प्युटर रूमची किल्ली आपल्याकडे राहील. कुटुंब एकोणिसावं. देविदास खो खो हसला. त्याला शास्त्र कळत नाही.

विजयाचा एसटीडी बूथवरून ऑफिसात फोन आला. तुमचं काय ठरलं, म्हणाली. हिंगोली, त्र्याहत्तर टक्के, सांगितलं. म्हणजे नक्की का, म्हणाली. मी म्हणालो, हे मॉडेल आहे, गप्पा नाहीत. मग मी काय करू, म्हणाली. तिच्या मतावाचूनही हिशेब कसा अडत नाही, ते समजावून सांगायला लागलो. तिनं फोन ठेवला. बिल वाढत असणार.

९ जुलै, शुक्रवार
तीन दिवस ताप. खोलीवर पडून आहे. आमचा शिपाई जळबा खिचडी घेऊन आला. म्हणाला, साहेब, आशा टायमाला घरचं मानूस जवळ पायजे का न्हाई, हे त्या पेटीला इचारलं का? तो गेल्यावर खिचडी खाताना उगीचच रडू आलं. अशक्तपणा असावा.

१३ जुलै, मंगळवार
‘आजारपण’ हा मुद्दाच राहिला होता! भरला. कुटुंबाचे गुण वाढवले. चार नियम लाल झाले, ते काढून टाकले. परभणी ५१, हिंगोली ४९. ‘का?’ दाबलं नाही. खरं तर मला परभणीच हवी होती, पण ती शास्त्रीय पद्धतीनं हवी होती.

१५ जुलै, गुरुवार
पावणेपाचला विकल्प दिला: परभणी. दुसरा नंबर सोडला, किल्लीही सोडली. असा त्याग करणारे नवरे किती असतील? विजयाला कळवायचं नाही. सरप्राइज.

१७ जुलै, शनिवार, गंगाखेड
विजया भलतीच खुशीत. भरली वांगी केली. रेवतीला म्हणाली, आता बाबा रोज दिसणार. मी चाटच पडलो. हिला कसं कळलं? बायकांना कळतंच. मी नुसता हसलो, तीही हसली. नऊ वर्षांत आमचं इतकं एकमत झाल्याचं आठवत नाही. कपाट रिकामं करून पुस्तकं पेटीत भरत होती. माझ्या कपड्यांसाठी जागा करत असणार.

१२ ऑगस्ट, गुरुवार
आदेश आला. माझी नेमणूक गंगाखेड पंचायत समिती. पेढे वाटले. देविदास शिक्षकांची यादी वाचत होता. म्हणाला, साहेब, वहिनी तर इकडं येऊन राहिल्या. मी म्हणालो, नावासारखं नाव असतं. त्यानं बोट ठेवलं. नाव तिचंच. नवी शाळा कळमनुरी. कारणाच्या रकान्यात: पतीजवळ राहण्यासाठी.

१३ ऑगस्ट, शुक्रवार
हिंगोलीला जाऊन आस्थापनेच्या साहेबांना भेटलो. म्हणाले, विकल्प अंतिम असतो, तीन वर्षं अर्ज घेता येत नाही. मग चष्मा काढून विचारलं, तुमी दोघं एकमेकांशी बोलता का न्हाई? शनिवारी बोलतो, म्हणालो.

संतापून पुण्याला फोन केला. मावसभाऊ म्हणाला, ४.० मध्ये दोन माणसांनी मिळून निर्णय घ्यायची सोय येतेय.

२२ ऑगस्ट, रविवार
परभणी बसस्टँडवर भेट झाली. मी गंगाखेडला चाललेलो, त्या दोघी कळमनुरीला. त्यांच्याकडे दोन पेट्या आणि शिलाई मशीन. विजया चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाली, तुम्ही हिंगोली सांगितलंत, मी हिंगोली लिहिलं. नंतर बदललंत तर एक फोन करायचा होता. मी सरप्राइजचं सांगितलं. तिनं घराची किल्ली मला दिली, मी खोलीची तिला दिली.

रेवतीनं विचारलं, बाबा, आता शनिवारी कोणी कुठं यायचं?

खिशातून कागद काढला, दोन रकाने आखले. मग तो परत खिशात घातला आणि म्हणालो, आईला विचारू.

कळमनुरीची गाडी लागली होती. विजया पेटी उचलून चालू लागली होती.